हसण्याच्या वहीची कैफियत

मु. कौडगाव, ता. पाथरी, जि. परभणी
श्रावण वद्य दशमी, शके १८७९

राजमान्य राजश्री वैजीनाथराव यांसी, कौडगावहून व्यंकटी मास्तर, आपला मेहुणा (निदान पोळ्यापर्यंत तरी), याचा रामराम. मातोश्रींचा गुडघा पावसाळ्यात धरतो, तो यंदा कमी धरला असावा अशी आशा करतो. आपली म्हैस एव्हाना व्याली असेल. रेडा झाला की पारडी, ते कळवावे. इकडील खुशाली लिहिण्याचा रिवाज आहे, परंतु अलीकडे मी न तपासलेली गोष्ट लिहीत नाही, म्हणून जेवढे पाहिले तेवढेच लिहितो. तानुआत्याची प्रकृती बरी दिसते. दिसते असे लिहिण्याचे कारण, ती वीस दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. भाकर ताटात पडते, पण पूर्वीपेक्षा जरा वरून पडते. गाय दूध देते. शाळा चालू आहे. माझी स्वतःची प्रकृती कशी आहे हे मीच सांगणे शास्त्राला धरून होणार नाही, म्हणून तो मजकूर सोडून देतो.

आपला निरोप लिंबाजीने परवा पोचवला. लिंबाजी गाडीवान माणूस; बैलांशी आणि माणसांशी तो एकाच पट्टीत बोलतो. गावात शाळेला इमारत नसल्यामुळे शाळा माझ्याच ओसरीवर भरते, हे आपण जाणता. त्याने ओसरीपुढे गाडी थांबवली आणि चौथीचा वर्ग ऐकत असता सांगितले, "मास्तर, वैजीनाथरावांनी सांगितलंय, भन आता नांदायला येनार न्हाई. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पंच बसवायलेत. तुमची ती वही घिऊन या म्हन्ले, पंचाला दावायची हाय." त्या वेळी सतराचा पाढा चालला होता. तो सतरा पाचवर थांबला आणि त्या दिवशी पुढे गेला नाही. काडीमोड हा शब्द लिंबाजीने तोंडातून काढला नाही, पण पंच कशासाठी बसतात हे चौथीतल्या पोरांनाही कळते, मग मला का कळू नये. म्हणून ही कैफियत. (माझी तालीम निजामाच्या अमदानीत उर्दूतून झाली, त्यामुळे मराठी लिहिताना हात अधूनमधून कचेरीच्या वाटेने जातो, माफी असावी.) वही घेऊन मी जरूर येईन. पण ती वाचून पंच काय समजतील याचा मला भरवसा नाही, कारण ती समजायला परभणीचा एक महिना लागतो. तो महिना मी या पत्रात आणायचा प्रयत्न करतो. कृपा करून शेवटपर्यंत वाचावे.

मूळ गोष्ट लग्नापासूनची आहे. आपणास आठवत असेल, अंतरपाट धरलेला होता, भटजी मंगलाष्टके म्हणत होते आणि मांडवात एवढा गलका होता की मुहूर्त कोणालाच ऐकू येईना. मी सवयीने अंतरपाटाआडून म्हणालो, "गप्प बसा. हाताची घडी." मांडव गप्प बसला (काही वऱ्हाडी मंडळींनी घडीही घातली), आणि त्या शांततेत पलीकडून दैवशालेचे हसू ऐकू आले. मी तिचे तोंड पाहण्याआधी तिचे हसू ऐकले. आपल्या मातोश्रींनी तिला तिथल्या तिथे चिमटा काढला आणि नंतर मला म्हणाल्या की या पोरीने लहानपणापासून हसण्यापायीच मार खाल्ला आहे. मी मनात म्हटले, आपल्या घरी त्यावरून मार पडणार नाही. पडलाही नाही. पण पहिल्या वर्षी घरात जेवढे हसू ऐकू यायचे तेवढे दुसऱ्या वर्षी येईना, आणि यंदाच्या संक्रांतीपासून तर माझ्या कानावर ते एकदाही आले नाही. मला ते फार लागत होते. तीन वर्षांत पाळणा हलला नाही म्हणून बाया बोलतात, त्याचे तिला वाटत असेल. आत्याचा स्वभाव कडक, त्याचे असेल. किंवा माझे असेल. विचारावे तर आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने बोलायचे नसते. आत्याने मला लहानाचे मोठे केले, आणि घर दोन खणांचे, तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर नाही अशी जागा त्यात कुठेच नाही. दैवशालेला मला काही सांगायचे असले तर ती गाईला सांगते, आणि मी उत्तर आत्याला देतो. एवढ्या लांबच्या वाटेने 'तू हसत का नाहीस' हा प्रश्न कसा पाठवावा, ते मला उमगेना.

अशा मनःस्थितीत मी उन्हाळ्यात परभणीच्या शिक्षणवर्गाला गेलो. तिथे मानसशास्त्र म्हणून एक विषय होता. शिकवणारे गुरुजी किडकिडीत, चष्मेवाले, कधी न हसणारे. (हे मी तेव्हापासूनच पाहू लागलो होतो.) पहिल्याच दिवशी ते म्हणाले की जगात ज्याला त्याला वाटते, आपल्याला माणूस कळतो, आणि माणूस न कळण्याचे हेच मुख्य कारण. शास्त्राची रीत वेगळी. आधी नुसते पाहायचे आणि लिहायचे. मग एक प्रश्न धरायचा. मग त्याचे संभवेल ते उत्तर मांडायचे, त्याला गृहीतक म्हणतात, आणि ते खोटे ठरावे म्हणून मनापासून खटपट करायची. (ही गोष्ट आपल्या लोकांना फार जड जाते. आपण उत्तर आधी ठरवतो आणि ते खोटे म्हणणाऱ्याशी जेवणखाण बंद करतो.) एवढे करूनही ते टिकले, तर तेवढ्यापुरते खरे मानायचे. प्रत्येक शिक्षकाने गावी जाऊन एक प्रयोग करावा आणि त्याची वही दिवाळीत दाखल करावी, असा हुकूम होता. वैजीनाथराव, मी आजवर पुष्कळ हुकूम ऐकले, निजामाचे, नंतर लष्कराचे, नंतर तालुक्याचे. पण हा हुकूम ऐकून वाटले की हा माझ्यासाठीच निघाला आहे.

पहिला प्रयोग मी शाळेतच केला. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे मी थेट आपल्या भगिनीवर धावून गेलो असे कोणी म्हणू नये. छडीने पाढे येतात काय, हा प्रश्न. चौथीच्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. चिठ्ठ्या अशासाठी की हुशार पोरे सगळी एका बाजूला जाऊ नयेत. एका गटाला चुकले की छडी, दुसऱ्याला नुसते समजावणे. आठव्या दिवशी छडी न खाणाऱ्या गटाचे बाप ओसरीपुढे येऊन उभे राहिले. पुढे आश्रुबा होते. आमच्या गावच्या पारावर कोणत्याही गोष्टीचा अर्थ लावायचा झाला तर तो आश्रुबा लावतात. ते म्हणाले, "मास्तर, आमचं काय चुकलं? शेजाऱ्याच्या पोराला तुमी रोज मारायलाव, आन आमच्याकडं बगत सुदीक न्हाई. गरिबाचं पोर म्हून असं कामून करता?" नियंत्रित गट म्हणजे काय, तो का लागतो, हे मी अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, बरं, पण आमच्या पोराला निदान दिवसाआड तरी मारा. प्रयोग तिथेच मोडला. तेव्हा मी ठरवले की आता प्रयोग असा करायचा की ज्यात गाव हात घालणार नाही, म्हणजे घरातला. यात माझी किती मोठी चूक झाली ते पुढे येईलच.

गृहीतक असे मांडले: दैवशालेचे हसू कमी होण्याला काही एक कारण आहे आणि ते मोजून सापडेल. लाल कापडी बांधणीची वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, निमित्त, प्रकार. प्रकार तीन धरले, नुसते ओठ हलणे, पदर तोंडाला लावणे आणि आवाजासहित. गुरुजींनी बजावले होते की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याचे नाव लिहू नये, त्याच्या अब्रूचा प्रश्न असतो. 'प्रयुक्त' असे लिहून क्रमांक घालावा. त्याप्रमाणे पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात 'प्रयुक्त क्रमांक एक' असे लिहिले. (एक हा आकडा वाचणाऱ्याच्या मनात दोन हा आकडा उभा करतो, हे मला सुचले नाही.) मृग निघायच्या आधी आरंभ केला. पोरांना गणिते घालून द्यायची आणि मान वळवून दारातून आत पाहायचे, असे पाच दिवस केले. पाच दिवसांत नोंद शून्य. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळले की माणूस बदलतो, हे पुस्तकात होते. पण पुस्तकातला माणूस निदान उठून दुसरीकडे जाऊ शकतो, हिला चूल सोडून कुठे जाता येणार. म्हणून शाळा सुटल्यावर मी ज्वारीच्या कणगीमागे बसू लागलो. आत्याला वाटले मी चोरून विडी ओढतो. तिने एकदा तांब्याभर पाणी कणगीमागे फेकले, तेव्हाचे चौथे पान अजून फुगलेले आहे. कणगीमागूनही हसू दिसले नाही. सुस्कारे दिसले, ते लिहिले.

एकाच माणसावरून अनुमान काढू नये, म्हणून पाहणीही केली. पारावर बसणाऱ्या अकरा गृहस्थांना एकच प्रश्न विचारला, तुमच्या घरी बाई दिवसातून किती वेळा हसते. सात जण म्हणाले, मोजलं न्हाई. दोघांनी उत्तर न देता माझ्याकडे पाहिले. एक जण उठून गेला. आश्रुबा म्हणाले, "आमची हसली की आमी आधी उठून बगतो, काय सांडलं म्हून." घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आले की पाहणीत मुळातच खोट होती. जो दिवसभर पारावर बसतो त्याला घरी बाई हसते की रडते हे कळणार कसे. आणि ज्याला कळते तो पारावर सापडत नाही. ज्यांना विचारायचे ती माणसे कशी निवडावी, यावर गुरुजींनी दोन दिवस घालवले होते ते उगाच नव्हे. पाहणीतून मला काही कळले नाही. गावाला मात्र कळले की मास्तर दुसऱ्यांच्या बायकांशी आपल्या बायकोची तुलना करायलाय.

आता मुख्य भाग. मला हसू दिसत नव्हते, म्हणून मी घरी नसतानाचे हसू आत्याकडून मिळवावे असे ठरवले. आत्याला लिहिता येत नाही, पण चिंचोका टाकता येतो. तिला सांगितले, मी घरी असो की पाथरीला, सून जितक्यांदा हसेल तितके चिंचोके या गाडग्यात टाक, आणि का ते विचारू नकोस. (नोंद ठेवणाऱ्याला हेतू कळला की त्याचा हात हेतूकडे झुकतो, असे शास्त्र सांगते.) महिनाभरात चित्र स्पष्ट झाले. मी तालुक्याला गेलो त्या दिवशी गाडगे वाजायचे, मी ओसरीवर असलो की मुके. पाथरीहून चिखल तुडवत यावे, पाय धुवायच्या आधी गाडगे हलवून पाहावे, आणि ते वाजले की एकाच वेळी बरे वाटावे आणि वाईट वाटावे, अशा अवस्थेला वहीत रकाना नव्हता. पण गुरुजींनी सांगितले होते, दोन गोष्टी बरोबर घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पावशा ओरडतो आणि पाऊस येतो, पण पावशाने पाऊस आणलेला नसतो. त्या आधारावर मी तग धरला आणि तिसरी गोष्ट शोधू लागलो. ती सापडली. शेजारच्या कडूबाई ताक न्यायला येतात. ओसरीवर पुरुष आणि पोरे असली की त्या कुंपणावरून भांडे देऊन परत जातात. मी गावात नसलो की आत येतात आणि बसतात. म्हणजे हसू माझ्या नसण्याचे की कडूबाईंच्या असण्याचे, हे सांगता येत नव्हते. ते कडूबाईंचे निघावे अशी मी मारुतीला प्रार्थना केली. संशोधकाने अशी प्रार्थना करणे हा दोष आहे, तो मी वहीत कबूल केला आहे.

दोन्ही गोष्टी सुट्या करायला खरा प्रयोगच हवा होता. मी चार घरे आखली. मी आहे आणि कडूबाई आहेत; मी आहे, त्या नाहीत; मी नाही, त्या आहेत; मी नाही आणि त्याही नाहीत. कोणत्या दिवशी कोणते घर, हे माझ्या मर्जीवर ठेवायचे नाही, म्हणून चार कवड्यांना खुणा केल्या आणि रोज सकाळी डोळे मिटून एक उचलू लागलो. 'मी नाही' आले की शाळा मारुतीच्या देवळात भरवायची. 'कडूबाई' आले की कुंपणापाशी जाऊन त्यांना म्हणायचे, "आज या." नाही आले की म्हणायचे, "आज येऊ नका." कारण सांगायचे नाही, नाहीतर प्रयोग बिघडतो. कडूबाई बिचाऱ्या येऊन परसात बसत आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत. (त्यांची नजर हा प्रयोगाचा विषय नव्हता.) आता कडूबाईंच्या घरी त्यांची एक लग्नाची भाची आहे. हे साऱ्या गावाला ठाऊक होते, मलाही होते, पण माझ्या आखणीत भाचीचा रकाना नव्हता. गावाने काय पाहिले? मास्तर रोज वहीत बायकोबद्दल काहीतरी लिहितो, रोज सकाळी कवडी उचलतो आणि कुंपणाशी जाऊन कडूबाईशी एकच वाक्य बोलतो. आश्रुबांनी पारावर याचा उलगडा केला, तो मला परवा लिंबाजीकडून कळला: "सरकारनं नवा कायदा काढलाय. आता एकीवर दुसरी करता येत न्हाई. पैलीचे गुन्हे आधी तारीखवार लिहून कोरटात दावावं लागत्यात. मास्तर शिकलेला मानूस हाय, पक्कं काम करायलाय." वैजीनाथराव, मला राग आला, पण न्यायाने सांगतो, गावाचे गृहीतक माझ्यापेक्षा वाईट नव्हते. जे जे दिसत होते ते सगळे त्यात नीट बसत होते. एवढेच, की ते खोटे ठरवायची खटपट कोणी केली नाही.

ही गोष्ट दैवशालेच्या कानावर कधी गेली, ते मला वहीवरून सांगता येते. आषाढ वद्य एकादशीपासून चारही घरांत शून्य आहे. मी कोणती का कवडी उचलीना, गाडगे वाजत नव्हते. मी त्यापुढे 'कारण अज्ञात' असे लिहिले आहे. ती चौथी शिकलेली. कणगीमागची वही त्या सुमारास मला उलटी ठेवलेली सापडली (हीही नोंद आहे), तेव्हा तिने ती वाचली हे उघड आहे. आत काय वाचले असेल ते मी आता तिच्या डोळ्यांनी वाचून पाहतो. प्रयुक्त क्रमांक एक. ता. ११, हास्य नाही. ता. १२, हास्य नाही. ता. १३, हास्य नाही, सुस्कारे दोन, भाकर करपली. नवऱ्याने तीन वर्षांत तोंडाने एक शब्द विचारला नाही आणि साठ पाने लिहून काढली. मग पंचमीला आपण मुराळी होऊन तिला न्यायला आलात. पंचमीला माहेरी जाणारी बाई दोन लुगडी बोचक्यात बांधून जाते. ही ट्रंक घेऊन निघाली. मी ओसरीवर उभा होतो. ट्रंक गेली, अशी नोंद केली. अर्थ लावला नाही. गाडी वळेपर्यंत आपण माझ्याकडे पाहिले नाहीत, त्याचाही लावला नाही.

ती गेल्यावर मी बसून निकाल काढला. एकादशीच्या आधीचे दिवस धरले. मी आहे, कडूबाई नाहीत, या घरात शून्य. मी नाही, कडूबाईही नाहीत, दोन. मी आहे आणि कडूबाई आहेत, एक. मी नाही आणि कडूबाई आहेत, सत्तेचाळीस. म्हणजे नुसत्या कडूबाईंनी काम होत नाही, नुसत्या माझ्या जाण्यानेही होत नाही. दोन्ही जुळून आले तरच घरात हसू होते. असे का व्हावे, यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच अर्थ दिसतो: माझी सावली असली की ती कोणाजवळही मोकळी होत नाही, आणि सावली नसली की होते. निकाल आपल्या विरुद्ध गेला म्हणून तो झाकून ठेवणारा माणूस शास्त्राच्या लायक नव्हे. सबब कळवतो की पंच ठरवतील ते मला कबूल आहे. तिचा दोष एकही नाही. वहीत भाकर करपल्याची नोंद आहे, त्या दिवशी लाकडे ओली होती, असे मी पंचांपुढे सांगेन. दुसरीचा विचार माझ्या मनात कधी आला नाही आणि येणार नाही. ज्याच्या नसण्याने एखाद्याला सुख होते त्याने नसावे, एवढे समजायला मानसशास्त्र लागत नाही. घर मात्र राहण्यासारखे उरलेले नाही. गाय दावणीला उभी असते आणि तिला कोणी काही सांगत नाही. मातोश्रींस दंडवत सांगावा.

आपला,
व्यंकटी

ता. क. पत्र पुरे झाल्यावर मी सवयीने मोठ्याने वाचून पाहत होतो. सत्तेचाळीसच्या आकड्याशी आलो तेव्हा चुलीपाशी बसलेली आत्या वीस दिवसांनी माझ्याशी बोलली. ती म्हणाली, "आरं येड्या, ती तुजी नक्कल करायची." मी समजलो नाही. तेव्हा तिने फुंकणी खाली ठेवून तपशील दिला. "तुजी टोपी घालायची, कानाला काडी लावायची, आन हातात सूप घिऊन त्याच्यात लिवल्यावानी करायची. गाईला पाडा इचारायची आन 'हाताची घडी' म्हनायची. कडूबाई हसून हसून लोळायची, आन ती सोताबी. मीबी लय हसले." आता चारही घरांचा उलगडा झाला. नक्कल करायला मी नसावा लागतो आणि बघायला कोणीतरी असावे लागते. माझ्यासमोरचे जे एकच हसू नोंदले गेले, त्या दिवशी मी कानाला टाक लावून परसात पाणी मागायला गेलो होतो. म्हणजे सत्तेचाळीसही माझ्यामुळेच, आणि ते एकही. मी आत्याला विचारले की मग हे मला आधी का सांगितले नाहीस. ती म्हणाली, "चिंचोके टाक म्हन्लास, टाकले. का ते इचारू नको म्हन्लास, इचारलं न्हाई."

ता. क. दुसरा. वर 'कबूल आहे' असे लिहिले ते रद्द समजावे. मला काहीही कबूल नाही. आणि एक विनंती आहे, तीच खरी असे समजावे. नवऱ्याने बायकोला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही, म्हणून हे आपल्या नावाने लिहिले. तेव्हा ते एकट्याने वाचून फडताळात ठेवू नये. चुलीपाशी ऐकू जाईल अशा बेताने बाहेर बसून, मोठ्याने, पहिल्यापासून वाचावे. ती कोणत्या वाक्याला हसते तिकडे लक्ष ठेवावे. सोबत रकाने आखलेला कागद जोडला आहे, आपण नुसत्या खुणा करून लिंबाजीबरोबर परत पाठवावा. आपण खुणा करता हे तिला दिसू देऊ नये, नाहीतर निरीक्षण बिघडते.

ता. क. तिसरा. रकान्यांचा कागद सोबत नाही. आत्याने तो माझ्या हातातून घेऊन चुलीत घातला आणि मी तिला अडवले नाही. लिंबाजी गाडी जुंपून दारात उभा आहे आणि ओरडतो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दुसऱ्याचे मन जाणण्याच्या ज्या रीती गुरुजींनी सांगितल्या, त्यांत एक इतकी सोपी होती की मी ती वहीत उतरवूनही घेतली नाही: ज्याचे मन जाणायचे त्याला विचारावे. वैजीनाथराव, पुढच्या ओळी आपल्यासाठी नाहीत, पण वाचाव्या आपल्यालाच लागतील, म्हणून जरा जास्त मोठ्याने वाचाव्यात.

दैवशाला, पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सेलूला, तुझ्या माहेरी, येतो आहे. वही आणणार नाही. मी सगळ्यांसमोर, तुझ्या आईसमोर आणि भावासमोर, तुला विचारणार आहे की तू घरी येतेस का. तुला जे वाटेल ते सांग. नाही म्हणालीस तर मी कुठेही लिहून ठेवणार नाही. पुन्हा येईन आणि पुन्हा विचारीन.